५२६ दात: चेन्नईतल्या सात वर्षांच्या मुलाच्या जबड्याचं प्रकरण

जुलै २०१९ मध्ये चेन्नईच्या सविता डेंटल कॉलेजमध्ये सात वर्षांच्या एका मुलाच्या खालच्या जबड्यावर शस्त्रक्रिया झाली. उजव्या बाजूला दाढेजवळ सूज होती आणि दुखत होतं. आतून एक पिशवी निघाली आणि त्या पिशवीत ५२६ दात. महिनाअखेरीस ही बातमी जगभरच्या वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर झळकली. आकडा इतका अचाट होता की बाकीचं काही कोणाच्या लक्षातच राहिलं नाही.

दंतवैद्याच्या नजरेने पाहिलं तर या प्रकरणात सर्वांत कमी महत्त्व आहे ते त्या आकड्यालाच. पन्नास दात निघाले असते तरी निदान तेच झालं असतं, ओडोन्टोमा, म्हणजे दात घडताना झालेल्या चुकीतून होणारी गाठ, आणि शस्त्रक्रियाही तीच. मला दोन गोष्टी फार मोलाच्या वाटतात. सूज पहिल्यांदा दिसली तेव्हा हा मुलगा तीन वर्षांचा होता. आत काय आहे ते कळेपर्यंत तो सात वर्षांचा झाला. आणि सगळं कळल्यावर सर्जननी त्याचं हाड किती कमी कापलं.

तीन ते सात

मुलगा एका जागी बसेना, दंतवैद्याला तोंडाला हात लावू देईना, म्हणून पुढे काही करता आलं नाही, असं त्याच्यावर उपचार करणारे डॉ. पी. सेंथिलनाथन यांनी तेव्हा सांगितलं होतं. हे वाचून आईवडिलांना बोल लावणं सोपं आहे. मी लावणार नाही. जबड्याचा पूर्ण एक्स-रे, म्हणजे ओपीजी, काढायचा तर यंत्र डोक्याभोवती फिरत असताना पंधरा-वीस सेकंद मान अजिबात हलवायची नसते. मोठ्या माणसाला त्यात काहीच नाही, तीन वर्षांच्या मुलाला ते जवळजवळ अशक्य. सीटी स्कॅन करायचा तर बहुधा गुंगीचं औषध द्यावं लागतं. मूल खात-खेळत असेल, फारसं दुखत नसेल, तर ‘एवढ्यासाठी कशाला भूल द्यायची?’ हा प्रश्न घरात निघणारच. डॉक्टरही पुष्कळदा म्हणतात, थोडा मोठा होऊ दे, मग बघू. असं थांबणं प्रत्येक वेळी चुकीचं नसतं. पण काय आहे हे न कळताच थांबायचं आणि काय आहे ते कळल्यावर विचार करून थांबायचं, यात फार अंतर आहे.

न बसणाऱ्या मुलाचं तोंड पाहायच्या रीती आहेत. डॉक्टर आणि आई समोरासमोर गुडघ्याला गुडघे टेकवून बसतात. मूल आईकडे तोंड करून तिच्या मांडीवर बसतं, मग त्याला हळूच मागे आडवं करायचं, म्हणजे डोकं डॉक्टरांच्या मांडीवर येतं. मूल रडतं. पण रडणाऱ्या मुलाचं तोंड उघडंच असतं आणि तेवढ्या वेळात हिरडी, दात आणि सूज, तिन्ही पाहून होतात. बोटाने दाबलं की सूज मऊ आहे की हाडाचीच आहे ते कळतं, आणि पुढचे सगळे निर्णय या एका उत्तरावर अवलंबून असतात. शिशाचा ॲप्रन घालून आईनेच छोटी फिल्म तोंडात धरली तर निदान एका दाढेपुरता एक्स-रे मिळतो. त्यानेही भागलं नाही आणि सूज हाडाची असेल, तर मात्र एकदा गुंगी देऊन नीट तपासणी आणि स्कॅन करून घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुलांचा गाल सुजतो तो बहुतेक वेळा दोन कारणांनी. किडलेल्या दुधाच्या दाढेला गळू झालेलं असतं: ठणकतं, हिरडी लाल होते, ताप येतो, उपचार केला की उतरतं. नाहीतर गालगुंड: कानाखाली, बरेचदा दोन्हीकडे, तापाबरोबर येतं आणि आठवड्या-दहा दिवसांत जातं. एकाच बाजूची, हाडासारखी कडक, अँटिबायोटिकचा कोर्स संपला तरी जशीच्या तशी राहिलेली सूज या दोन्हींत बसत नाही. तिथला दुधाचा दात पडायचं वय उलटून गेलं तरी पडला नाही, किंवा जोडीदार बाजूचा दात येऊन वर्ष झालं तरी इकडचा आलाच नाही, तर संशय पक्का करावा. आणि सूज आठवड्या-आठवड्याला वाढत असेल, दात हलू लागले असतील, ओठ बधिर वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नये. कारण मग विचार साध्या गाठीचा राहत नाही.

दात घडताना काय बिघडतं

आईच्या पोटात सहाव्या आठवड्याच्या सुमारास तोंडाच्या अस्तरातल्या पेशींची एक पट्टी आत उतरते. तिच्यावर ठरावीक जागी कळ्या फुटतात. कळीखालच्या ऊतीतल्या पेशी आणि अस्तराच्या पेशी एकमेकींना रासायनिक निरोप धाडतात, आणि या देवाणघेवाणीतून एका बाजूला इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कडक आवरण, बनवणाऱ्या पेशी तयार होतात, दुसऱ्या बाजूला डेंटिन, म्हणजे त्याच्या आतला थर, बनवणाऱ्या. दोन्हींपैकी एकटी कोणीच दात घडवू शकत नाही. हे काम जन्माबरोबर संपत नाही. दुसऱ्या कायमच्या दाढेत खनिज साठायला सुरुवात होते ती अडीच-तीन वर्षांच्या वयात, आणि अक्कलदाढेची कळी तर चार-पाच वर्षांच्या सुमारास दिसू लागते. चेन्नईच्या मुलाची सूज ज्या वयात दिसली, त्या वयात जबड्याच्या मागच्या भागात दात घडवण्याचं काम ऐन भरात असतं.

या कामात पेशी चुकत नाहीत, त्या बनवतात ते पदार्थही चुकत नाहीत, पण थांबायचं कुठे आणि मांडायचं कसं हा हिशेब चुकतो, तेव्हा होतो तो ओडोन्टोमा. हे नाव १८६७ मध्ये फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी दिलं. मेंदूतलं भाषेचं केंद्र ज्यांच्या नावाने ओळखलं जातं तेच ब्रोका. त्या काळी दाताच्या ऊतीतून उगवणाऱ्या सगळ्याच गाठींना हे नाव होतं, आज त्याचा अर्थ नेमका आहे. कॉम्प्लेक्स प्रकारात इनॅमल, डेंटिन आणि मुळावरचा थर म्हणजे सिमेंटम, सगळं एकमेकांत कालवून एक टणक गोळा होतो. कंपाउंड प्रकारात त्याच वस्तूंची नीट मांडणी होते आणि सुटे सुटे इवलेसे दात तयार होतात. दोन्ही प्रकार कर्करोगाचे नाहीत. खरं तर ती वाढत सुटणारी गाठही नव्हे. घडणीतला दोष आहे, आणि पूर्ण पिकला, म्हणजे खनिज भरून टणक झाला, की बहुधा थांबतो. दाताशी संबंधित गाठींमध्ये ओडोन्टोमा नेहमी सापडणाऱ्यांपैकी आहे.

मग चेन्नईचं प्रकरण दुर्मीळ कशामुळे? कंपाउंड ओडोन्टोमा सापडतो तो बहुतांशी वरच्या जबड्यात, पुढच्या बाजूला, पटाशीच्या दातांच्या आणि सुळ्याच्या आसपास. इथे तो खालच्या जबड्यात मागे दाढेपाशी होता. निदान होतं ते साधारण दहा ते वीस वर्षांच्या वयात. इथे सूज तिसऱ्या वर्षीच दिसली. आत दात असतात ते थोडेथोडके, फार तर दोन-तीन डझन. आणि ओडोन्टोमा सहसा सुजतच नाही. कायमचा दात का येत नाही म्हणून एक्स-रे काढावा आणि वाटेत ही गाठ आडवी आलेली दिसावी, हा त्याचा नेहमीचा शोध. ज्याला हाडाच्या आत जागा पुरत नाही असा ओडोन्टोमा आम्ही क्वचितच पाहतो.

एक्स-रे समोर असताना

पिकलेला कंपाउंड ओडोन्टोमा ओळखायला अवघड नाही. दातांच्या आकाराचे पांढरे ठिपके, त्यांच्याभोवती काळी बारीक कड, आणि त्या कडेबाहेर हाडाची पांढरी रेघ. चेन्नईत एक्स-रे आणि स्कॅन झाल्यावर जबड्यात रुतलेली, अर्धवट दातांनी भरलेली पिशवी डॉक्टरांना दिसली होती. पण तीन-चार वर्षांच्या मुलाचा फोटो कदाचित इतका बोलका नसता, कारण खनिज साठण्यापूर्वी हीच गाठ नुसती काळी पोकळी दिसते. आणि मुलाच्या जबड्यातली काळी पोकळी म्हटलं की यादी लांबते.

सर्वांत आधी विचार होतो अमेलोब्लास्टिक फायब्रोमाचा. तीही साधीच गाठ, मुलांत आणि किशोरांत होणारी, आणि तिची आवडती जागा खालच्या जबड्याचा मागचा भाग, म्हणजे नेमकी या मुलाची जागा. तिच्यात इनॅमल-डेंटिन तयार होत नाही, नुसती मऊ ऊती असते. ओडोन्टोमा काढला की क्वचितच परत येतो. फायब्रोमा मात्र परत येऊ शकते, आणि क्वचित कधी वर्षांनंतर कर्करोगातही बदलते, म्हणून तिच्या मागे वर्षानुवर्षं राहावं लागतं. या दोन्हींच्या मध्ये आहे अमेलोब्लास्टिक फायब्रो-ओडोन्टोमा: मऊ ऊतीही आणि घडत असलेला दातही. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाने तिला वेगळी जागा नाकारली. अशा बहुतेक गाठी म्हणजे अजून न पिकलेले ओडोन्टोमाच, असं त्यांचं म्हणणं. सगळ्या विकृतिशास्त्रज्ञांना, म्हणजे काढलेल्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्यांना, ते पटलेलं नाही, कारण यांतल्या काही गाठींमध्ये बीआरएएफ या जनुकातला तोच बदल सापडतो जो अमेलोब्लास्टिक फायब्रोमात असतो आणि साध्या ओडोन्टोमात आढळत नाही. लहान मुलांच्या बाबतीत हा वाद पुस्तकापुरता नाही. गाठ थांबणारी आहे की वाढत राहणारी, यावर सर्जनने किती हाड घ्यायचं ते ठरतं.

यादीत आणखीही नावं येतात. न उगवलेल्या दाताभोवतीची द्रवाची पिशवी म्हणजे डेंटिजेरस सिस्ट, अडकलेल्या सुळ्याभोवती किशोरवयीन मुलींमध्ये जास्त दिसणारी अडेनोमॅटॉइड गाठ, चिकट ऊतीचा मिक्सोमा, आणि एकपोकळी अमेलोब्लास्टोमा. शेवटचे दोन लहान मुलांत कमी, पण झाले तर चिवट. यातलं काय आहे याची खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते. नुसता फोटो पाहून मोठा निर्णय घेऊ नये.

वरून

आता शस्त्रक्रियेकडे येतो, कारण माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे.

सात वर्षांच्या मुलाचा खालचा जबडा हा मोठ्या माणसाच्या जबड्याचा छोटा नमुना नसतो. पहिली कायमची दाढ नुकतीच वर आलेली असते, तिची मुळंही पुरी झालेली नसतात. दुधाच्या दाढांच्या खाली कायमच्या उपदाढा घडत असतात, मागे दुसऱ्या दाढेचा माथा पुरा होत आलेला असतो. या सगळ्यांच्या खालून ओठाला आणि दातांना संवेदना देणारी नस जाते. आणि हाड स्वतः अजून वाढायचं असतं. बाजूने मोठी खिडकी पाडून किंवा जबड्याचा तुकडाच कापून गाठ काढली तर गाठ नक्की निघते; पण मग धातूची पट्टी बसवा, बरगडीचं किंवा कमरेचं हाड आणून जोडा, आणि वाढत्या चेहऱ्याची एक बाजू मागे पडू नये म्हणून पुढची दहा वर्षं झगडा. काही गाठींसाठी हे करावंच लागतं. ओडोन्टोमासाठी ते करणं म्हणजे मुलावर अन्याय.

चेन्नईच्या सर्जननी पूर्ण भूल देऊन जबडा वरच्या बाजूने, म्हणजे दात येतात त्या कडेने, ड्रिलने उघडला. बाजूचं हाड तोडलं नाही, त्यामुळे जबडा पुन्हा बांधायची गरजच पडली नाही. पिशवी बाहेर काढली. आत बारीक बारीक तुकडे भरलेला फुगा समजा, असं डॉ. सेंथिलनाथन यांनी तिचं वर्णन केलं होतं. हे शक्य झालं ते ओडोन्टोमाच्या स्वभावामुळे: तो हाडात मुळं धरत नाही, त्याला स्वतःचं वेष्टन असतं आणि वेष्टनासकट तो हाडापासून सुटतो. तीन दिवसांत मुलगा घरी गेला. तोंडात २१ दात उरले होते. या वयात दात असतात ते साधारण वीस ते चोवीस. म्हणजे एवढ्या मोठ्या गाठीपायी त्याचं गमावणं फार थोडं होतं. मी ही केस शिकवायला घेतली तर फळ्यावर ५२६ लिहिणार नाही, २१ लिहीन.

दात म्हणावं कशाला

पिशवी निघाली जुलैत, पण आकडा जाहीर व्हायला महिनाअखेर उजाडली. तोंडाच्या विकृतिशास्त्र विभागाच्या प्रमुख डॉ. प्रतिभा रमणी यांच्या चमूला पिशवी रिकामी करायलाच चार-पाच तास लागले, आणि मग एकेक तुकडा तपासायचा होता. सर्वांत लहान ०.१ मिलिमीटरचा, सर्वांत मोठा १५ मिलिमीटरचा. अगदी लहानातल्या लहान तुकड्यालाही माथा, मूळ आणि इनॅमलचं आवरण होतं, म्हणून त्याला दात म्हटलं, असं त्यांनी सांगितलं.

या कामाची कदर बाहेर कमी होते म्हणून थोडं लिहितो. हाड किंवा दात पातळ कापायचे तर ते आधी आम्लात ठेवून मऊ करतात. पण पक्क्या इनॅमलचा सुमारे ९६ टक्के भाग खनिज असतो, त्यामुळे आम्लात ते विरघळूनच जातं आणि काचपट्टीवर त्याच्या जागी रिकामी फट उरते. इनॅमल जागेवर पाहायचं असेल तर दात मऊ न करता घासून घासून पारदर्शक होईपर्यंत पातळ करावा लागतो. कणाएवढा तुकडा चिमट्यात धरून त्याचा माथा कुठला नि मूळ कुठलं ते पाहणं हे चिकाटीचं काम आहे. आणि ते नुसत्या मोजदादीसाठी नसतं. पिशवीच्या भिंतीत कुठे फायब्रोमाची मऊ ऊती लपली आहे का, हे पाहणं मुलाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं, कारण त्यावरच पुढची दक्षता ठरते.

मुंबईचं आधीचं उदाहरण

मराठी वाचकांना ही बातमी वाचून आणखी एक आठवली असेल. जुलै २०१४ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विदर्भातल्या १७ वर्षांच्या मुलाच्या खालच्या जबड्यातून २३२ छोटे दात काढले होते. त्याला सूज येऊन दीड वर्ष झालं होतं, गावाकडे निदान झालं नव्हतं, आणि हा कर्करोग तर नाही ना या धास्तीने वडील त्याला मुंबईला घेऊन आले होते. त्याच्या गाठीत सुट्या दातांबरोबर एक टणक गोळाही होता. तो हलेना म्हणून डॉक्टरांना छिन्नीने फोडून तुकड्या-तुकड्यांनी काढावा लागला, आणि शस्त्रक्रिया सुमारे सात तास चालली. जबड्याचा सांगाडा तिथेही शाबूत राखला.

दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवली की दिसतं, गाठ मोठी होईपर्यंत घरच्यांनी कानाडोळा केला असं दोन्हींत झालेलं नाही. दोघांच्याही घरच्यांना सूज दिसली होती. अडलं ते पहिला चांगला एक्स-रे मिळण्यापाशी. एकाच्या बाबतीत मूल बसेना म्हणून, दुसऱ्याच्या बाबतीत जवळपास ओळखणारं कोणी नव्हतं म्हणून. ओपीजीचं यंत्र आता तालुक्याच्या गावीही सापडतं. बालरोगतज्ज्ञ, गावातला जनरल प्रॅक्टिशनर आणि शाळेची आरोग्य तपासणी करणारे डॉक्टर यांनी कडक, एकतर्फी सूज दिसली की औषधाची दुसरी चिठ्ठी लिहिण्याआधी एक्स-रेची चिठ्ठी लिहावी, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

कशामुळे?

चेन्नईच्या डॉक्टरांनी कारण निश्चित सांगता येत नाही असंच म्हटलं होतं. आनुवंशिक असेल, पर्यावरणातलं असेल, किरणोत्सर्गाचाही विचार करावा, असं त्यांच्या बोलण्यात आलं. बातम्यांमध्ये त्यातून मोबाइल टॉवर तेवढे ठळक झाले. टॉवरच्या लहरींनी ओडोन्टोमा होतो याचा पुरावा नाही, आणि आधीच घाबरलेल्या आईबापांच्या डोक्यात ती शंका पेरणं मला बरं वाटत नाही. दाताला लागलेला मार, जंतुसंसर्ग, दाताच्या पेशींचे उरलेले अंश आणि जनुकं, अशी कारणं पुस्तकांत सुचवलेली आहेत. एका मुलापुरतं बोट ठेवता येईल असं कारण बहुधा हाती लागत नाही.

एक अपवाद मात्र जरूर विचारात घ्यावा. एकापेक्षा जास्त ओडोन्टोमा, जबड्यात हाडाच्या गाठी, जादा दात असं एकत्र दिसलं तर गार्डनर सिंड्रोमची शक्यता असते. एपीसी नावाच्या जनुकातल्या दोषाने मोठ्या आतड्यात असंख्य पॉलिप, म्हणजे अस्तरावरचे छोटे कोंब, होतात आणि वेळीच उपचार न झाल्यास त्यांचा कर्करोग होतो. अशा वेळी दंतवैद्याने घरात कोणाला लहान वयात आतड्याचा कर्करोग झाला होता का, हे विचारायलाच हवं. दातांसाठी आलेल्या मुलामुळे घरातल्या दुसऱ्या कोणाचा जीव वाचू शकतो. चेन्नईच्या मुलात गाठ एकच होती.

पुढची वर्षं

पिशवी गेली म्हणजे फाइल बंद होत नाही. जिथे पोकळी होती तिथे नवं हाड भरायला महिने लागतात, आणि या वयात ते छान भरतं. काही महिन्यांनी, मग वर्षाने फोटो काढून हाड भरलंय का, कडेला काही उरलंय का, ते पाहतात. गाठीने खाली दाबलेला कायमचा दात पुष्कळदा वाट मोकळी झाल्यावर आपोआप वर येतो, विशेषतः त्याची मुळं अजून पुरी झालेली नसतील तर. नाही आला तर त्याला बारीक बटण चिकटवून तारेने ओढून आणता येतं. जिथली दाढच नाही तिथे शेजारचे दात कलू नयेत म्हणून मधल्या काळात जागा राखणारं साधन घालावं लागतं. इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला कृत्रिम दात, बसवायची घाई मात्र करायची नाही. तो हाडात घट्ट बसतो आणि दातांबरोबर वर सरकत नाही, त्यामुळे वाढत्या जबड्यात बसवला तर काही वर्षांत तो खाली बुडालेला दिसतो. चेहऱ्याची वाढ थांबेपर्यंत, म्हणजे सतरा-अठरा वर्षांच्या वयापर्यंत, काढता येणाऱ्या दातांवर भागवावं.

आईवडिलांनी जपायची कागदपत्रं तीन: शस्त्रक्रियेआधीचा स्कॅन, शस्त्रक्रियेचा तपशील आणि विकृतिशास्त्राचा अहवाल. मूल मोठं होतं, गाव बदलतं, डॉक्टर बदलतात. पंधराव्या वर्षी तार लावायला गेलेल्या मुलाच्या एक्स-रेत जबड्याच्या मागच्या भागात काही वेगळं दिसलं, तर तो जुना व्रण आहे की नवी गाठ, हे तो अहवाल हातात असेल तर समोरच्या डॉक्टरला लवकर सांगता येतं.